मोरचुदातला खिळा: किमयेमागचा विचार समजून कसा घ्यावा

आधी मोरचूद आणा. शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळतो. द्राक्षवाले बोर्डो मिश्रणासाठी नेतात तेच निळे खडे. शंभर ग्रॅम पुरे. दुकानदाराने ‘बाग कुठं आहे?’ असं विचारलं तर शाळेच्या प्रयोगाला हवाय म्हणा. मी तीस वर्षं तेच सांगत आले.

एक जुना काचेचा ग्लास घ्या, जो पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. अर्धा ग्लास पाण्यात अर्धा चमचा खडे विरघळवा. जास्त घालायचा मोह होतो, पण दाट पाण्यात तांबं भुसभुशीत चिखलासारखं बसतं. विरळ पाण्यात ते चकचकीत चढतं. साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून घ्या, कारण नव्या खिळ्याला तेलाचा हात असतो. गॅल्व्हनाइज्ड खिळा नको, स्टेनलेस तर नकोच. हातात मोजे घाला, मोरचूद विषारी आहे. आता खिळा धाग्याला बांधून अर्धा मिनिट बुडवा आणि बाहेर काढा.

काय दिसलं ते एका वाक्यात कागदावर लिहा. अट एकच, अणू, आयन, विस्थापन हे शब्द वापरायचे नाहीत.

माझ्या आठवीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी ओरडायचंच, “मॅडम, लोखंडाचं तांबं झालं!” मी लगेच दुरुस्त करत नसे. हे वाक्य आधी नीट पचवलं नाही तर किमया, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू पाहणारी जुनी विद्या, कळत नाही, फक्त तिच्यावर हसता येतं. आणि हसण्यात काही अर्थ नाही. न्यूटनची किमयेवरची हस्तलिखितं १९३६ साली लिलावात निघाली आणि त्यातली बरीच केन्स या अर्थतज्ज्ञाने विकत घेतली. गुरुत्वाकर्षण मांडणारा माणूस वर्षानुवर्षं भट्टीपाशी बसला होता, तो वेडा म्हणून नव्हे.

अजून खात्री पटत नसेल तर दुसरा प्रयोग रात्रभर ठेवा. बांधकामावर सळ्या बांधायला जी मऊ तार वापरतात तिचा दोन ग्रॅमचा तुकडा घ्या, पेलाभर पाण्यात वीस ग्रॅम मोरचूद घाला, तार त्यात सोडा. सकाळी तारेच्या जागी तांबूस, ठिसूळ चुरा असतो. चुंबक लावून बघा. तार पुरती संपली असेल तर काही चिकटणार नाही. लोखंड गेलं आणि त्याच्या जागी तांबं आलं, असंच डोळे सांगतात.

आजच्या स्लोव्हाकियातल्या श्पान्या डोलिना या खाणगावात नेमकं हेच चालायचं. खाणीतल्या निळ्या पाण्यात लोखंड टाकून तांबं काढायचे, त्या तांब्याचे प्याले करायचे आणि ‘मी आधी लोखंड होतो’ अशा अर्थाचे मजकूर त्यांवर कोरायचे. चीनमध्ये सोंग राजवटीत याच रीतीने मोठ्या प्रमाणावर तांबं मिळवलं जाई. जिथे एक धातू दुसरा होताना रोज दिसतो तिथे ‘मग तांब्याचं सोनं का होऊ नये?’ हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. उलट तो न पडणाराच मठ्ठ म्हणावा लागेल.

इथून पुढे मी मुख्यतः आपल्याकडच्या किमयेबद्दल, म्हणजे रसविद्येबद्दल सांगते. ‘किमया’ हा शब्द अरबीतून आला, पण रसार्णव, रसहृदयतंत्र, रसरत्नसमुच्चय हे ग्रंथ इथलेच. कामापुरत्या चार कल्पना पक्क्या केल्या की बाकीचं आपोआप लागतं.

पहिली कल्पना म्हणजे धातू पिकतात. कैरी आणि आंबा ही दोन वेगळी फळं नव्हेत, तसं शिसं आणि सोनं ही एकाच वस्तूची कच्ची-पक्की रूपं. अॅरिस्टॉटलच्या चार तत्त्वांवरून अरबी किमयागारांनी, विशेषतः जाबिर इब्न हय्यानच्या नावावर असलेल्या ग्रंथांनी, असं मांडलं की सगळे धातू पारा आणि गंधक यांच्यापासून जमिनीच्या पोटात तयार होतात. प्रमाण नेमकं आणि दोन्ही शुद्ध असतील तर सोनं. काही बिघडलं तर कथील, शिसं, लोखंड. यातले पारा-गंधक म्हणजे बाजारातल्या वस्तूच असं धरू नका. पारा म्हणजे वितळण्याचा, चकाकण्याचा गुण आणि गंधक म्हणजे जळण्याचा, रंगाचा गुण. रसरत्नसमुच्चयातली वर्गवारी बघा: सोनं, चांदी, तांबं, लोखंड हे शुद्ध लोह, शिसं आणि कथील हे पूतिलोह, म्हणजे नासका वास येणारे, पितळ, कासं वगैरे मिश्रलोह. ‘लोह’ म्हणजे धातू, फक्त लोखंड नव्हे, हे इथेच लिहून ठेवा. मी पहिल्यांदा वाचताना आठवडाभर चुकत होते.

मग किमयागार काय करतो? निसर्ग हजारो वर्षं घेतो तेच काम तो भट्टीत लवकर उरकतो. आढी घालून आंबे पिकवणारा माणूस नवं फळ बनवत नाही, तसंच.

दुसरी कल्पना पाऱ्याची. ती मला पुस्तकातून नाही, अंगठीतून कळली.

माझे वडील, अप्पा, कोल्हापुरात गुजरीत सोनारकाम करत. मला नोकरी लागली त्या वर्षी वर्गात वायुभारमापकाचा प्रयोग दाखवताना पारा भांड्यातून उडाला आणि मी बोटांनी गोळा करायला गेले. (करू नये. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.) बोटात साखरपुड्याची अंगठी. दोन मिनिटांत ती पांढरीफटक, जणू चांदीची. तास तसाच सोडून मी गुजरी गाठली. अप्पांनी अंगठी बागेसरीच्या, म्हणजे सोनाराच्या शेगडीच्या, उजेडात फिरवून बघितली आणि हसले.

“गेलं न्हाई कुठं. पाऱ्यानं सोनं खाल्लंय. आता ओकायला लावतो.”

परसात वाऱ्याच्या उलट अंगाला त्यांनी निखारे ठेवले, अंगठी वर ठेवली, मला लांब उभं केलं आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले. पारा साधारण ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. थोड्या वेळाने अंगठी पुन्हा पिवळी झाली, पण खरखरीत आणि निस्तेज. घासूनपुसून तराजूत टाकली तर अर्धी गुंज कमी भरली. आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे म्हणजे तोळा, त्यामुळे अर्ध्या गुंजेचा हिशोब सोनाराला लागतोच. त्यांनी तो वहीत लिहिला.

पुढे रसग्रंथ हातात आले तेव्हा मी दचकले, कारण त्यात अप्पांचीच भाषा होती. पाऱ्याला सोनं, अभ्रक खाऊ घालणं म्हणजे ‘ग्रास’ देणं. ते पचवणं म्हणजे ‘जारण’. खायला तयार असलेला पारा तो ‘बुभुक्षित’, भुकेलेला. पाऱ्याचे अठरा संस्कार सांगितले आहेत: स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन अशी सुरुवात होऊन दीपनापाशी आठ पुरे होतात. तेवढे औषधाच्या पाऱ्याला बस्स. दीपन म्हणजे भूक पेटवणं; आयुर्वेदात जठराग्नीला जे करतात तेच. त्यापुढे ग्रास, जारण वगैरे, आणि शेवटी वेध व सेवन. ही यादी पाठ करायची गरज नाही. एक माणूस डोळ्यांसमोर आणा: त्याला घाम काढतात, चोळतात, बेशुद्ध करतात, उठवतात, भूक लावतात, जेवायला घालतात. पारा ही या विद्येत वस्तू नाही, व्यक्ती आहे. तो शिवाचं वीर्य आणि गंधक पार्वतीचं रज, ही कल्पनाही त्याच ओघात येते.

सोन्याला गिळतो, चांदीला गिळतो, धातू असून वाहतो, तापवला की अदृश्य होतो, थंड काचेवर पुन्हा प्रकटतो. लोखंडाला मात्र हात लावत नाही, म्हणून तर पारा लोखंडी बाटल्यांतून विकायचे. असा पदार्थ बघून त्याला केंद्रस्थानी ठेवलं नसतं तरच नवल.

पण पाऱ्याचा कुठलाही प्रयोग घरी करायचा नाही, हे इथेच सांगते. अप्पांचे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, मुलाम्याचं काम करत. सोनं पाऱ्यात कालवून चांदीच्या भांड्यावर चोळायचं आणि आच देऊन पारा उडवायचा. सोनं मागे राहतं. सगळी उमेद त्या धुरात गेली. मला आठवतात ते त्यांचे हात. कप-बशी उचलली की बशी वाजायची, म्हणून चहा त्यांना तांब्याच्या फुलपात्रात अर्धाच देत. घरात सगळे त्याला ‘वय झालं’ म्हणायचे. तेव्हा त्यांचं वय पन्नासही नव्हतं.

तिसरी कल्पना मरणाची. धातूला मारलं, तरच तो सुधारतो. मारण म्हणजे धातूचं भस्म करणं आणि इथे रसशास्त्राचा काटेकोरपणा बघण्यासारखा आहे. भस्म झालं की नाही हे कसं ठरवायचं? बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे: रेखापूर्ण. पाण्यावर तरंगलं पाहिजे: वारितर. आणि मला सर्वांत आवडणारी कसोटी अपुनर्भव: भस्मात गूळ, गुंज, टाकणखार, मध, तूप मिसळून मुशीत जोरात फुंकायचं. धातू परत आला तर तो मेलाच नव्हता.

या यादीकडे रसायनाच्या शिक्षिकेच्या नजरेने बघा. गूळ, मध, तूप जळून कोळसा होतो आणि कोळसा ऑक्साइडातला ऑक्सिजन ओढून घेऊन धातू मोकळा करतो. टाकणखार मळ वितळवून धातूचे कण एकत्र येऊ देतो. अप्पाही सोनं गाळताना मुशीत त्याचीच चिमूट टाकत, त्याला ते सवागी म्हणत. म्हणजे ज्याला ऑक्साइड हा शब्द ठाऊक नव्हता त्याने भस्मावर क्षपणाची खरी परीक्षा बसवली होती. ‘जिवंत होतो का बघ’ हे तिचं नाव.

पारा आणि गंधक खलात घोटले की काळी कज्जली होते. ती काचेच्या कुपीत भरून, कुपीला कापडमातीचे सात थर देऊन, वाळूत पुरून तापवली की कुपीच्या गळ्याशी लाल रससिंदूर बसतो. आपण सांगू, दोन्ही मर्क्युरिक सल्फाइडच. त्यांना दिसलं, काळं मरण आणि लाल पुनर्जन्म. युरोपातले किमयागारही काळा, पांढरा, लाल हेच टप्पे सांगत.

चौथी कल्पना वेध. ती विरजणावरून समजावी. कोमट दुधाच्या पातेल्यात चमचाभर दही पडलं की सगळं पातेलं दही होतं. सिद्ध झालेला पारा वितळलेल्या धातूत टाकला की तो धातूला ‘वेधतो’ आणि सोनं करतो. शतवेधी म्हणजे आपल्या शंभरपट धातूला पुरणारा, मग सहस्रवेधी, कोटिवेधी अशी चढण. आपल्या संतांचा परीस थोडा निराळा. तो नुसत्या स्पर्शाने काम करतो आणि झिजत नाही. तुकोबांनी सद्गुरूला परिसाची उपमा पुरत नाही म्हटलं, कारण सद्गुरू आपल्यासारखं करून सोडतो. परीस लोखंडाचं सोनं करील, परीस करणार नाही. या हिशोबाने विरजण परिसापेक्षा वरचढ ठरतं, कालचं दही आज पुन्हा विरजण असतंच. पण हे माझं स्वयंपाकघरातलं तत्त्वज्ञान, सोडून द्या.

सोनं हे रसविद्येचं शेवटचं ध्येय मात्र नव्हतं. रसार्णवात म्हटलं आहे, ‘यथा लोहे तथा देहे’. आधी धातूवर चालवून बघायचा आणि तिथे टिकला तरच तो पारा देहात घ्यायचा, देह स्थिर करण्यासाठी. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहात रसेश्वर दर्शनाला, म्हणजे पाऱ्याच्या या तत्त्वज्ञानाला, वेगळं प्रकरण दिलं, ते या देहाच्या विचारासाठी. लोखंड-तांबं म्हणजे चाचणीचं जनावर, असं समजा.

आता ग्रंथ उघडायचा कसा. भाषांतर घेतलं तरी मूळ शब्द शेजारी असलेलं घ्या, कारण अडचण शब्दांचीच आहे. ‘नाग’ म्हणजे साप नाही, शिसं. ‘वंग’ देश नाही, कथील. ‘तार’ चांदी, ‘गगन’ अभ्रक, ‘सूत’ पारा. ‘रवि’ आला की लोक सोनं समजतात, कारण पाश्चात्त्य किमयेत सूर्य म्हणजे सोनं, चंद्र चांदी, मंगळ लोखंड, शुक्र तांबं, शनी शिसं. आपल्या रसग्रंथांत रवि म्हणजे तांबं. ‘अर्क’ तर जास्तच लबाड: तांबंही आणि रुईचं झाडही. शेजारी चीक, पान, मूळ असेल तर रुई. मूस, पत्रा, तोळे असतील तर तांबं.

एक सराव करून बघा. ‘षड्गुण बलिजारण’. कुणाचा बळी? कुणाचा नाही. ‘बली’ म्हणजे गंधक. पाऱ्याच्या सहापट गंधक पाऱ्याकडून पचवून घ्यायचा. आता कागद-पेन्सिल घ्या. मर्क्युरिक सल्फाइडात २०० भाग पाऱ्याला ३२ भाग गंधक लागतो, म्हणजे पाऱ्याच्या साधारण एकषष्ठांश. सहापट म्हणजे गरजेच्या सदतीसपट. उरलेला सगळा जळून उडून जातो. रसायनाच्या दृष्टीने ही उधळपट्टी. त्यांच्या हिशोबात मात्र ती किती जेवणं पचली त्याची मोजदाद होती. दोन्ही हिशोब शेजारी-शेजारी मांडता आले की तुम्ही ग्रंथ वाचायला लागलात.

दुसरा सराव जरा खोलातला. रसार्णवात सांगितलं आहे की रसक तांब्याबरोबर तीनदा तापवला तर तांब्याचं सोनं होतं, त्यात नवल ते काय. रसक म्हणजे जस्ताचं खनिज. तांबं, कोळसा आणि ते खनिज एकत्र तापवलं की पितळ होतं, पिवळंधमक. मग ते खोटं बोलत होते का? सोनं म्हणजे पिवळेपणा, चमक आणि न गंजणं अशी व्याख्या असेल तर पितळ त्या वाटेवर बरंच पुढे गेलेलं आहे.

या रसकातून जस्त वेगळं काढणं महाकठीण. ९०७ अंशांना त्याची वाफ होते आणि हवा लागताच ती पांढरा धूर होऊन जाते. रसरत्नसमुच्चयात वांग्याच्या आकाराची मूस सांगितली आहे, वृंताक मूषा, तोंड खाली असलेली, म्हणजे वाफ खाली उतरून थंड जागी गोठते. उदयपूरजवळ झावरला अशाच वांग्यासारख्या मातीच्या मुशींचे ढीगच्या ढीग सापडले आहेत. पोथीतलं वाक्य आणि जमिनीतली मूस इतकी जुळलेली बघायला मिळणं भाग्याचं. रसविद्येत नुसते मंत्र आहेत म्हणणाऱ्याला मी झावरचा फोटो दाखवते.

मग ही विद्या मोडली कुठे? तराजूवर. अप्पांकडे कुणी ‘बाबांनी करून दिलेलं’ सोनं घेऊन आलं की ते आधी कसोटीवर ओढत, तेजाबाचा थेंब लावत. पितळेची रेघ उकळून नाहीशी होई. तरी शंका राहिली तर पाण्यात बुडवून वजन. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, पितळ साडेआठच्या आसपास. रंग चढवता येतो, वजन चढवणं अवघड. (आता टंगस्टन आहे, तो जवळजवळ सोन्याइतकाच जड. अप्पांच्या नशिबाने तो त्यांच्या काळात गुजरीत आला नाही.) बाबा लोकांची युक्ती मात्र जुनीच. पोकळ कांडीत सोन्याचा कीस, टोक मेणाने बंद. मूस ढवळली की मेण वितळतं आणि सोनं ‘तयार’ होतं. १७२२ साली जोफ्रुआ नावाच्या रसायनज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे अशा लबाड्या एकेक करून उघड केल्या होत्या. आमच्या गल्लीत एकाने त्याच कांडीवर एका विधवेच्या चार बांगड्या नेल्या, अडीचशे वर्षांनंतर.

तुम्हीही तराजू वापरा. मघाची तार आठवा. चुरा धुऊन, वाळवून तोला. दोन ग्रॅमची सगळी तार संपली असेल तर चुरा दोन ग्रॅमपेक्षा थोडा जास्तच, सव्वादोनच्या आसपास भरेल. निव्वळ लोखंडाचं तांबं झालं असेल तर हे जास्तीचं आलं कुठून? आणि ते फिकट झालेलं पाणी दोन-तीन दिवस उघडं राहू द्या. तळाशी तपकिरी गंज बसतो. तांबं मोरचुदातलंच होतं आणि लोखंड कुठे गेलं ते तिथे सापडतं. जुन्या किमयागाराला पाण्याकडे बघायचं कारणच नव्हतं, त्याचं लक्ष तारेवर. बघून झालं की पाण्यात चुन्याची निवळी घाला, निळा-हिरवा साका बसू द्या आणि तो विहिरीपासून, गुरांपासून लांब पुरा.

पाऱ्याचं सोनं शेवटी झालंच. पारा अणुक्रमांक ८०, सोनं ७९. एका प्रोटॉनचं अंतर. १९४१ साली हार्वर्डमध्ये पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉन सोडून सोनं केलं. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत शिशाच्या अणुकेंद्रकांपासून सोनं झाल्याचं २०२५ साली जाहीर झालं, चार वर्षांत मिळून २९ पिकोग्रॅम. अप्पांच्या काट्यावर ते कधी दिसलंच नसतं. हार्वर्डचं सोनं तर किरणोत्सारी होतं. त्यातल्या सुवर्ण-१९८चं आयुर्मान असं की पावणेतीन दिवसांत निम्मं सोनं पुन्हा पारा होतं. अपुनर्भवाच्या कसोटीला ते बसलं नसतं.